व्हीएचएफ बेस स्टेशनचा अँटेना हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर कसा आणायचा? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दोन मीटर बँडवर बोलणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत, तसंच परवान्याची ठरावीक फ्रिक्वेन्सी घेऊन बेस स्टेशन, म्हणजे एका जागी बसवलेला रेडिओ, चालवणाऱ्या संस्था आणि कारखानेही आहेत. रेडिओ सगळ्यांकडे चांगला असतो. अडतं ते गच्चीवर. व्हीएचएफ म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झचा पट्टा. इथे बहुतेक उदाहरणं १४५ मेगाहर्ट्झची घेतली आहेत, कारण भारतात हॅमसाठी दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असा आहे. तुमची फ्रिक्वेन्सी १५५ किंवा १६५ असली तरी रीत हीच, फक्त आकडे बदलतील.

अँटेना ट्यून करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन वेगळी कामं करायची, आणि ती वेगळीच ठेवायची. पहिलं, अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगला लागतो ती फ्रिक्वेन्सी आपल्याला हवी तिथे आणायची. हे काम लांबीचं. दुसरं, त्या फ्रिक्वेन्सीला अँटेनाचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, ५० ओहमच्या जवळ आणायचा, कारण रेडिओ आणि केबल तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. हे काम रेडियलच्या (बुडाशी पसरलेल्या दांड्यांच्या) कोनाचं, टॅपचं (केबल जोडायच्या जागेचं), गॅमा मॅचचं (इम्पीडन्स जुळवणाऱ्या पट्टीचं) किंवा कॉइलचं, जो अँटेना असेल त्याप्रमाणे.

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा; १ सर्वांत चांगला. त्याचा फ्रिक्वेन्सीप्रमाणे आलेख काढला की मध्ये एक डिप, म्हणजे खळगा, दिसतो. डिप डावी-उजवीकडे सरकवायचा असेल तर लांबीला हात लावा. डिप जागेवर आहे पण उथळ आहे, तर लांबीला हात लावू नका, मॅचिंगकडे बघा. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मे रॉड वाया जायचे वाचतात. उथळ डिप खोल करण्यासाठी टोकाकडून कापत गेलेले अँटेना मी पुष्कळ पाहिले आहेत. शेवटी ते १५५ वर जाऊन बसतात आणि एसडब्ल्यूआर तेवढाच राहतो.

सुरुवातीला रॉड किती लांब घ्यायचा?

पाव तरंगलांबीच्या साध्या ग्राउंड प्लेनसाठी (मध्ये उभा रॉड, बुडाशी रेडियल) ७१.५ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. १४५ साठी ते ४९.३ सेंटीमीटर येतं, १५५ साठी ४६.१, १६५ साठी ४३.३. हवेतली खरी पाव तरंगलांबी १४५ ला ५१.७ सेंटीमीटर असते. धातूच्या रॉडची जाडी आणि टोकाचा परिणाम यांमुळे प्रत्यक्षात त्याहून साधारण पाच टक्के कमी लागते.

पण कापताना ४९.३ वर कापू नका. ५२ वर कापा. हिशेबातला आकडा कुठून सुरुवात करायची ते सांगतो. शेवटची लांबी तुमची गच्ची, तुमचा कनेक्टर आणि रॉडची जाडी मिळून ठरवतात. जाड पाइप थोडा आखूड लागतो आणि जास्त रुंद पट्ट्यावर चालतो, बारीक तार उलट.

लांबी कुठून मोजायची हेही सांगून ठेवतो. एसओ-२३९ कनेक्टरवर (केबल लावायच्या सॉकेटवर) बांधलेल्या अँटेनाची लांबी कनेक्टरच्या पत्र्याच्या, म्हणजे रेडियल जोडलेल्या पातळीपासून टोकापर्यंत मोजायची. मधल्या पिनमध्ये डाग दिलेला रॉडचा भाग पत्र्याच्या वर जितका निघतो तो सगळा लांबीत धरायचा.

साहित्याचं म्हणाल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारा ३ मिलिमीटरचा पितळी ब्रेझिंग रॉड उत्तम. त्याला डाग नीट बसतो आणि तो वाऱ्याने फार वाकत नाही. दूरदर्शनच्या काळातले ॲल्युमिनियमचे अँटेना अजून कितीतरी धाब्यांवर आणि गच्च्यांवर उभे आहेत, त्यांचे पाइपही कामाचे. ॲल्युमिनियमला साधा डाग बसत नाही, म्हणून तिथे स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट वापरा. तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावू नका. पहिल्या पावसातच तो जोड गंजायला लागतो.

एका वेळी किती कापायचं?

आधी मोजा, मग त्रैराशिक मांडा. समजा ५२ सेंटीमीटरचा रॉड १३८.२ मेगाहर्ट्झला डिप देतो आणि तुम्हाला १४५ हवं आहे. ५२ गुणिले १३८.२ भागिले १४५, म्हणजे ४९.५६ सेंटीमीटर. तरीही पहिल्या फटक्यात ५० वरच थांबा आणि पुन्हा मोजा. डिप १४३.७ च्या आसपास आला पाहिजे. तसा आला तर हिशेब बरोबर चालला आहे, मग उरलेले चार-साडेचार मिलिमीटर कानशीने घासत काढा. भलतीकडेच आला तर कापणं थांबवा. कुठेतरी सैल जोड आहे किंवा जवळपासचा धातू ढवळाढवळ करतोय.

या पट्ट्यात एक मिलिमीटर म्हणजे साधारण ०.३ मेगाहर्ट्झ. १४४ आणि १४६ यांच्यात रॉडचा फरक जेमतेम सात मिलिमीटरचा आहे. म्हणून पक्कड लावून 'अंदाजे' तोडायचं हे काम नव्हे.

कापायचंच टाळायचं असेल तर पाइपाच्या टोकात जरा बारीक पाइप किंवा रॉड बसवा आणि जोडावर होज क्लिप आवळा. शेवटचे दहा सेंटीमीटर आतबाहेर सरकवत हवी ती लांबी सापडते. मोठ्या पाइपाच्या तोंडाला हॅक्सॉने दोन चिरा पाडल्या की क्लिप घट्ट बसते. फ्रिक्वेन्सी पुढे बदलण्याची शक्यता असेल तर हीच रचना करा.

डिप बरोबर १४५ वर आला, पण एसडब्ल्यूआर १.४ च्या खाली जातच नाही. का?

तुमचे रेडियल बहुधा आडवे, जमिनीला समांतर आहेत. तशा ग्राउंड प्लेनचा इम्पीडन्स साधारण ३६ ओहम असतो, आणि ५० ला ३६ ने भागलं की १.४ च येतं. रेडियल खाली, सुमारे ४५ अंशांपर्यंत वाकवा. इम्पीडन्स ५० च्या जवळ जातो आणि डिप खोल होतो. वाकवल्यावर डिप थोडा सरकेल, मग टोकाला किरकोळ दुरुस्ती करा. रेडियल उभ्या रॉडपेक्षा साधारण पाच टक्के लांब, म्हणजे ५१-५२ सेंटीमीटर ठेवा. चार पुरेसे.

जे-पोल किंवा स्लिम जिम (रेडियल नसलेले, इंग्रजी जे सारख्या आकाराचे उभे अँटेना) असेल तर केबल जिथे जोडली आहे तो टॅप वर-खाली सरकवा, तिथे पाच मिलिमीटरनेही फरक पडतो. यागीला (एका दिशेला बोलणाऱ्या अनेक दांड्यांच्या अँटेनाला) गॅमा मॅच असेल तर आधी गॅमाची पट्टी, मग गॅमाचा कपॅसिटर, मग पुन्हा पट्टी, असं आलटून पालटून जावं लागतं. या प्रकारांत दोन्ही कामं एकमेकांत थोडी गुंततात, त्यामुळे धीर धरावा लागतो.

एसडब्ल्यूआर किती असला म्हणजे झालं?

१.५ च्या खाली आला की बास. १.५ ला फक्त ४ टक्के शक्ती परत येते. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.३ वरून १.१ वर आणण्यासाठी दिवसभर गच्चीवर उन्हात बसणाऱ्यांना मनापासून सांगतो, पलीकडे ऐकणाऱ्याला त्यातलं काहीही कळत नाही. तोच वेळ कनेक्टर नीट बांधण्यात आणि अँटेना दोन मीटर वर चढवण्यात घाला. २ च्या पुढे मात्र दुर्लक्ष करू नका. बरेच रेडिओ तिथून आपली शक्ती आपोआप कमी करायला लागतात.

खाली मीटर १.३ दाखवतो, तरी रिपीटर (आपलं बोलणं पकडून दूरवर पुन्हा सोडणारं स्टेशन) उघडत नाही. अँटेना तर ट्यून आहे ना?

बहुधा नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

केबलमध्ये शक्ती जिरते. वर जाताना जिरते, आणि अँटेनाकडून परत येताना पुन्हा जिरते. मीटर खाली बसलेला असतो, त्याला परत आलेली शक्ती दोनदा गाळून मिळते. म्हणून त्याला सगळं छान दिसतं.

आकड्यांत बघा. आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला ३० मीटरमध्ये साधारण ६ डेसिबल, म्हणजे तीन-चतुर्थांश शक्ती, खाते. वर अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असेल, म्हणजे वाईट असेल, तर खाली मीटरवर तो १.३ दिसतो. त्याहून पुढे जाऊन, वरचा अँटेना वाऱ्याने तुटून पडला आणि केबलचं टोक नुसतं मोकळं लोंबतंय, तरी खालचा मीटर १.७ च्या आसपासच दाखवेल. म्हणजे अँटेना नसतानाही आकडा 'चालण्यासारखा' दिसतो. शिवाय २५ वॉट सोडले तर चांगला अँटेना असतानाही वर पोहोचतात ६ वॉट.

म्हणून ट्यूनिंग अँटेनापाशी करा. मीटर किंवा ॲनालायझर वर न्या आणि आखूड, मीटरभराच्या केबलने जोडा. ते शक्यच नसेल तर नॅनोव्हीएनएचं (अँटेना मोजणाऱ्या छोट्या ॲनालायझरचं) कॅलिब्रेशन केबलच्या वरच्या टोकाशी करा, म्हणजे केबल हिशेबातून वजा होते. खालच्या मीटरचा उपयोग रोजची तब्येत बघण्यासाठी. आज १.३ आहे, उद्या १.८ झाला तर काहीतरी बदललं, एवढं तो नक्की सांगतो.

मग केबल कोणती घ्यावी?

३० मीटरला आरजी-२१३ अडीच ते तीन डेसिबल खाते, एलएमआर-४०० साधारण दीड. वरच्याच उदाहरणात २५ वॉटपैकी आरजी-२१३ ने तेराच्या आसपास वॉट वर पोहोचतात, एलएमआर-४०० ने सतरा-अठरा. पाच-सात मीटरच्या केबलला आरजी-५८ चालते, त्यापुढे नको. घरच्या केबल टीव्हीची आरजी-६ पडून असते म्हणून लोक ती वापरतात. ती ७५ ओहमची आहे. ऐकण्यापुरती ठीक, पण ट्यूनिंग करताना आकड्यांचा गोंधळ करते.

कोणतं यंत्र लागेल? महागडा ॲनालायझर घ्यायलाच हवा का?

नाही. नॅनोव्हीएनए पुरतो, आणि गावातल्या चार-पाच जणांत मिळून एक असला तरी चालतो. दोन गोष्टी पाळा. पहिली, मोजायच्या पट्ट्यासाठी ओपन (मोकळं), शॉर्ट (जोडलेलं) आणि लोड (५० ओहमचं) ही टोकं जोडून कॅलिब्रेशन करा. पट्टा बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करा. दुसरी, पट्टा अरुंद ठेवा. मूळचा लहान नॅनोव्हीएनए एका फेरीत १०१ ठिकाणीच मोजतो. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा सगळा पट्टा ठेवला तर दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि तुमचा डिप मधल्यामध्ये निसटतो. १३५ ते १५५ ठेवा, म्हणजे ०.२ मेगाहर्ट्झच्या पायरीने नीट दिसेल.

साधा एसडब्ल्यूआर मीटर असेल तर तो व्हीएचएफचा आहे ना हे आधी बघा. २७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओसाठी केलेला किंवा फक्त एचएफचा मीटर १४५ ला आकडा दाखवतो, पण त्या आकड्यावर विसंबू नये. आणखी एक खोच आहे. काही स्वस्त हँडीमधून, म्हणजे हातात धरायच्या रेडिओमधून, मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीही बाहेर पडतात. अँटेना त्या परत पाठवतो, मीटर सगळं एकत्र मोजतो आणि चांगल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर २ च्या वर दाखवतो. आकडा पटत नसेल तर दुसऱ्या रेडिओने मोजून बघा.

मीटरने मोजताना कमीत कमी शक्ती ठेवा. आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका, आपला कॉलसाइन सांगा, काही सेकंदच दाबा. तीन ठिकाणी मोजा: १४४.१, १४५, १४५.९. एसडब्ल्यूआर खालच्या टोकाला कमी आणि वर जास्त असेल तर अँटेना लांब आहे. उलट असेल तर आखूड आहे.

मल्टिमीटर लावला तर अँटेना शॉर्ट दाखवतो. बिघडला का?

अँटेना कोणत्या जातीचा आहे त्यावर आहे. जे-पोल, फोल्डेड डायपोल, गॅमा मॅचच्या काही रचना आणि बुडाशी कॉइल असलेले कितीतरी अँटेना डीसीला शॉर्टच असतात. वीज आणि स्थिर विद्युत जमिनीत जावी यासाठी ते चांगलंही आहे. साधा ग्राउंड प्लेन मात्र मोकळा दाखवला पाहिजे. तिथे शॉर्ट दिसला तर कनेक्टरमध्ये जाळीची तार मधल्या पिनला टेकली आहे किंवा पाणी शिरलं आहे. ट्यूनिंग मल्टिमीटरने होत नाही, तो फक्त जोड तपासण्यापुरता.

अँटेना कुठे उभा करून ट्यून करायचा?

जिथे कायमचा राहणार तिथे, किंवा निदान तसल्याच परिस्थितीत. अंगणात खाटेवर आडवा टाकून १४५ वर आणलेला अँटेना मास्टवर, म्हणजे उंच खांबावर, चढवला की १४२ किंवा १४८ वर जाऊ शकतो. आजूबाजूचा धातू किमान एक तरंगलांबी, म्हणजे दोन मीटर तरी दूर हवा. आपल्याकडच्या गच्चीवर हे सोपं नाही. सोलर हीटरची टाकी आणि तिचं स्टँड, पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना, स्लॅबमधून वर ठेवलेल्या 'पुढच्या मजल्याच्या' सळ्या, पत्र्याची शेड, कपडे वाळत घालायची तार हे सगळं अँटेनाच्या दृष्टीने त्याचाच भाग होऊन बसतं. त्यामुळे मास्ट या सगळ्याच्या वर काढायचा.

ट्यून करताना स्वतःही दूर उभे राहा. हात लावला की डिप सरकतो. लांबी बदला, दोन-तीन पावलं मागे या, मग आकडा वाचा. चालू रेडिओवर अँटेनाच्या धातूला हात लावू नका, बोट भाजतं.

पीव्हीसी पाइपात अँटेना बसवायची पद्धत आपल्याकडे सोयीची आहे, जळगावात पाइपांना तोटा नाही. पण प्लास्टिकचं आवरण चढलं की डिप खाली सरकतो, पाइपाच्या जाडीप्रमाणे काही मेगाहर्ट्झनेही. म्हणून पाइपासकट मोजायचं. उघडा असताना १४५ वर आणून मग पाइपात घातला तर हवं ते मिळणार नाही.

मे महिन्याच्या उन्हात अँटेना तापून फ्रिक्वेन्सी सरकते का?

भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर हिशेबाने देता येतं. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत २३ भाग वाढतं. डिसेंबरातली थंड पहाट आणि मेमधली दुपार यांच्यात रॉडच्या तापमानात ३५ अंशांचा फरक धरा. अर्ध्या मीटरचा रॉड ०.४ मिलिमीटर वाढेल. फ्रिक्वेन्सीत हा फरक ०.१२ मेगाहर्ट्झच्या आसपास. ज्या अँटेनाचा डिप कित्येक मेगाहर्ट्झ रुंद आहे त्याला हे जाणवतही नाही.

उन्हाचं खरं नुकसान वेगळं आहे. प्लास्टिकचे पांढरे टाय दोन उन्हाळ्यांत भुगा होतात, केबल लोंबते आणि कनेक्टरवर ताण येतो. विजेची साधी काळी टेप चिकटपणा सोडते. केबलचं वरचं आवरण कडक होऊन तडकतं. मग जूनमध्ये पहिला वळीव आला की पाणी त्या तडीतून आणि सैल टेपखालून आत जातं. लोक म्हणतात पावसात अँटेना बिघडला. तो बिघडला मेमध्येच, पावसात दिसला एवढंच.

उपाय असा. जोडावर आधी स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर. तिच्यावर विजेची टेप. उन्हात टिकणारे काळे टायच वापरा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबता झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. पाऊस थांबून उन्हात सगळं सुकल्यावर एसडब्ल्यूआर पूर्ववत झाला तर ते वरवरचं पाणी होतं. दोन दिवसांनीही तसाच वाढलेला असेल तर पाणी आत आहे. कनेक्टर सोडा, जाळीची तार काळी-हिरवी पडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा. तसं तांबं लागलंच नाही तर केबल बदला.

केबल हलवली किंवा तिची लांबी बदलली की एसडब्ल्यूआर बदलतो. असं व्हायला हवं का?

नको. बदलत असेल तर केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेनासारखी वागते आहे. अँटेनाच्या अगदी खाली केबलचे मुठीएवढ्या गोलाईचे चार-पाच फेरे गुंडाळून बांधा किंवा केबलवर ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट मणी ओवा. ग्राउंड प्लेनमध्ये हा त्रास कमी, जे-पोल आणि डायपोलमध्ये जास्त.

तयार घेतलेला फायबरग्लासचा अँटेना ट्यून करता येतो का?

बहुतेक नाही. आतले भाग कारखान्यातच बसवलेले असतात आणि बुडाशी किंवा टोकाशी सील असतं. उघडलात तर फ्रिक्वेन्सी मिळेल न मिळेल, पाणी मात्र नक्की शिरेल. घेतानाच पट्टा बघून घ्या. १३६ ते १७४ असं लिहिलेला प्रत्येक अँटेना तो सगळा पट्टा एकदम झाकतो असं नाही. काहींना सोबत लांबी कापायचा तक्ता येतो आणि त्यातल्या कोणत्या तरी एका भागावरच तो नीट लागतो. तक्ता असेल तर त्यातल्या लांबीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त ठेवून सुरुवात करा.

पाच-अष्टमांश तरंगलांबीचा उघडा अँटेना, म्हणजे १४५ ला साधारण सव्वा मीटरचा रॉड आणि बुडाशी कॉइल, घरी ट्यून करता येतो. तिथे रॉडच्या लांबीने डिप सरकतो आणि कॉइलच्या टॅपने खोल होतो.

आमच्या सिस्टिमची पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे. ट्यून कशावर करू?

दोन मीटरच्या हॅम रिपीटरला अंतर ६०० किलोहर्ट्झचं असतं. तिथे मधोमध ट्यून करा, दोन्ही आपोआप सांभाळली जातात. व्यावसायिक जोडीत अंतर काही मेगाहर्ट्झचं असेल तर पाठवायच्या फ्रिक्वेन्सीकडे झुकवा. पाठवताना एसडब्ल्यूआर वाढला तर रेडिओला त्रास, ऐकताना वाढला तर फारसं बिघडत नाही. जाड पाइपाचा अँटेना घेतला तर ही ओढाताण मुळातच कमी होते.

रेडिओपाशी अँटेना ट्यूनर लावला तर हे सगळं टळेल का?

नाही. ट्यूनर फक्त रेडिओचं समाधान करतो. केबलमध्ये जे जिरतं ते जिरतच राहतं आणि वरचा अँटेना होता तसाच राहतो.

नीट ट्यून केल्यावर किती लांब बोलता येईल?

ट्यूनिंगने अंतर फार वाढत नाही, उंचीने वाढतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन्ही टोकांचं काढून बेरीज करा. दोन्ही अँटेना जमिनीपासून १२ मीटरवर असतील आणि मध्ये सपाटी असेल तर २८ किलोमीटरच्या आसपास. जळगाव-भुसावळ साधं अंतर म्हणून सुखाने जमतं. जळगावहून धुळ्याला थेट बोलायचं म्हटलं तर हे पुरत नाही, तिथे उंचावरचा रिपीटर हवा.

या बाबतीत आपलं खोरं नशीबवान आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीची मोकळी सपाटी. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या जागेवरून खालच्या सपाटीकडे शंभर किलोमीटरच्या पुढची दृष्टी मिळते. तापीला पूर आला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीमुळे मोबाइल अडखळला, तर अशा उंच जागेवरचा नीट ट्यून केलेला एक अँटेना किती गावांना जोडू शकतो याचा विचार आधीच करून ठेवायला हवा, पूर आल्यावर नाही.

अँटेना उभाच ठेवा. एफएमवर सगळे उभे अँटेना वापरतात. तुमचा आडवा असेल तर एसडब्ल्यूआर कितीही सुंदर असो, समोरच्याला तुम्ही खूपच क्षीण ऐकू याल.

परवाना लागतो का? नुसतं ट्यूनिंगच तर करतोय.

रेडिओचं बटण दाबून शक्ती सोडली की ते प्रक्षेपण झालं, आणि त्याला परवाना लागतो. हॅमसाठी दूरसंचार विभागाची परीक्षा आहे, वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. शाळेतल्या मुलांना जरूर बसवा. संस्था आणि कारखान्यांना विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते. अँटेना त्याच फ्रिक्वेन्सीवर आणायचा. 'इथे एसडब्ल्यूआर चांगला येतोय' म्हणून रेडिओ शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर नेणं हा गुन्हा आहे.

मास्ट चढवताना काय सांभाळायचं?

सर्वांत आधी विजेच्या तारा. शेतातल्या घरांवरून ११ केव्हीच्या लाइन जातात आणि मास्ट उभा करताना नजर वरच्या टोकाकडे नसते. मास्ट कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढी जागा हवी. नसेल तर दुसरी जागा शोधा, यात तडजोड नाही. ॲल्युमिनियमचा पाइप हातात धरून एकट्याने शिडीवर चढू नका.

मास्टला जाड तांब्याच्या पट्टीने स्वतंत्र अर्थिंग द्या. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर बसवा आणि तोही त्याच अर्थिंगला जोडा. अरेस्टर आसपास पडलेल्या विजेच्या झटक्यापासून वाचवतो. थेट अँटेनावर पडलेली वीज तो थोपवू शकत नाही. म्हणून मेअखेरीस ढग गडगडायला लागले की केबल रेडिओपासून सोडवा आणि टोक घराबाहेर ठेवा.

एकदा ट्यून केल्यावर पुन्हा कधी तपासायचं?

वर्षातून दोनदा. पावसाआधी मेमध्ये आणि पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास. पहिल्या दिवशीचा नॅनोव्हीएनएचा आलेख फोटो काढून ठेवा: एक अँटेनापाशी मोजलेला, एक खाली रेडिओपाशी मोजलेला. मास्टच्या बुडाशी प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी बांधा. तिच्यावर रॉडची लांबी, डिपची फ्रिक्वेन्सी, केबलचा प्रकार आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी मोजायला दुसरंच कोणी चढलं तरी त्याला नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.